माझ्या लग्नात न म्हटलेलं गाणं

आमच्या गावात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की मंडपवाल्याच्या आधी माझ्या मायला सांगावा यायचा. अमडापूरच्या बाजाराला जाताजाता मुलीची आई आमच्या ओट्यावर टेकायची, पाणी प्यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि उठताउठता म्हणायची, "तारीख ध्यानात ठेवजा व बाई. तुमच्याबिगर इहिनीची पंगत बसत नाही." माय नुसती मान डोलवायची. बाई निघून गेली की मात्र तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज यायचं, की त्या दिवशी आम्ही भावंडं काहीही मागून घ्यायचो.

विहिणीची पंगत म्हणजे काय, हे आता आमच्याकडच्या मुलींनाही सांगावं लागतं, तेव्हा सांगतेच. लग्न लागलं, की नवरदेवाची आई, काकू, मावश्या, आत्या अशा सगळ्या बायकांना वेगळं, मानानं जेवायला बसवायचं. पाट, रांगोळी, उदबत्ती, सगळा थाट. ताटं वाढून झाली, की मुलीकडच्या बायका मागे उभ्या राहणार आणि गाण्यातून त्या विहिणीची यथेच्छ टिंगल करणार. तिचं नाक, तिची चाल, तिचा लेक, काहीही सुटायचं नाही. तिनं रागवायचं नाही, हा नियम. जी रागवली, ती वर्षभर गावाच्या तोंडात राहिली. अशी सहा-सात कडवी झाली, की चाल तीच राहायची पण आवाज खाली यायचा, आणि शेवटच्या कडव्यात मुलीचं नाव घालायचं. पत्रिकेवरचं नाही, घरातलं. ते ऐकलं की विहिणीनं पहिला घास घ्यायचा.

माझी माय दुसरीपर्यंत शिकलेली. पण विहीण जीपमधून उतरली की तिला एकदा नीट पाहायची, आणि पंगत बसेपर्यंत तिच्यावर कडवं तयार. नांदुऱ्याहून एक वरात आली होती. विहीण काळा चष्मा लावून आली आणि जेवतानाही तो काढेना. मायनं सुरू केलं:

काया चष्मा डोयावर, इहीन बसली पाटावर
भात म्हनून खाल्लं मीठ, आतातरी पाहा नीट

ती बाई इतकी हसली, की चष्मा ताटात पडला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. माझं काम एकच, मुलीचं घरातलं नाव आधी विचारून ठेवायचं आणि वेळ आली की मायच्या कानात सांगायचं. मायला ती सगळी नावं माहीत असायची. तरी ती वाकायची, माझ्या तोंडाशी कान आणायची, आणि मग म्हणायची:

आमची अमकी लाखाची, नाही कोनाच्या धाकाची
देतो तुमच्या पदरात, जपून ठेवजा घरात

इथे बायका डोळे पुसायच्या. आत्ता ज्या खदखदा हसत होत्या, त्याच. मला त्या वयात हे सगळं नाटक वाटायचं.

बारावीनंतर मी चिखलीला कॉलेजात जायला लागले. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं यायचं. इंग्रजी शिकवणारे एक सर होते, फार मनापासून शिकवायचे. एकदा ते टेपरेकॉर्डर घेऊन वर्गात आले आणि त्यांनी इंग्लंडच्या खेड्यापाड्यातली गाणी ऐकवली. कोळ्यांची, मेंढपाळांची, खाणीत काम करणाऱ्यांची. आम्हाला ओ की ठो कळलं नाही. सर म्हणाले, "कळणार नाहीच. हे शब्द तुमच्या डिक्शनरीत नाहीत. त्या एका खोऱ्यातले लोकच असं बोलतात, आणि गाताना ते आपली बोली बदलत नाहीत. लंडनवाला हसला तरी बदलत नाहीत."

मी अक्षरशः वेडी झाले. सरांकडून कॅसेट मागून आणली. गाणी वहीत उतरवून काढली, त्या लोकांसारखे उच्चार घोकले. आमच्या स्वयंपाकघरात बसून चिखलीच्या कॉलेजातली मुलगी उत्तर इंग्लंडच्या मेंढपाळासारखं बोलायची, आणि समोर माय भाकरी थापत असायची.

"कायचं गानं हाय हे?" तिनं एकदा विचारलं.

मी सांगितलं, एका बाईचा नवरा समुद्रावर गेलाय, आणि ती वाट पाहतेय.

"मंग आपल्यासारखंच हाय," माय म्हणाली.

मला राग आला. "तसं नाही माय. ते लोकगीत असतं. त्याचा अभ्यास करतात."

"बरं," म्हणाली, आणि भाकरी उलटली.

एम.ए. करताना माझं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, इंजिनियर. माणसं चांगली होती, हे मी पहिल्यापासून सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही. साखरपुड्याला माझा धाकटा भाऊ फोनवर कुणाला तरी सांगत होता, "मी पाहुन्याईले घ्याले जाऊन राह्यलो." माझ्या होणाऱ्या नणंदेनं ते ऐकलं आणि लाडानं, अगदी लाडानं, दोन-तीनदा म्हणून पाहिलं. जाऊन राह्यलो, जाऊन राह्यलो. सगळे हसले. माझा भाऊही हसला. मी एकटीच अशी लाजले, की जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

लग्नाला आठ दिवस होते. दुपारी माय ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. नवं कडवं जमत होतं, हे मला चालीवरून कळलं. पुण्याची विहीण, तिच्यासाठी खास. मी तिच्याजवळ बसले, सुपातले दोन खडे वेचले आणि म्हटलं, "माय, माह्या लगनात पंगतीचं गानं नोको म्हनू."

तिचा हात थांबला नाही. "काऊन व?"

"त्या लोकांकडे असं नसतं. त्यांना समजणार नाही. हसतील."

"हसाले तं म्हनतात ते गानं."

"तसे नाही हसणार, माय. तुह्या बोलण्याले हसतील."

आता तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर मी भांडले असते, मला भांडायला चांगलं जमतं. पण ती रागावली नाही. माझी काळजी वाटावी तसं तिनं पाहिलं आणि म्हणाली, "बरं. नाही म्हनत. तुह्या मनासारखं होऊ दे." मग सूप उचललं आणि आत गेली. त्या कडव्यात काय होतं ते मी तिला कधीच विचारलं नाही.

लग्न चिखलीच्या एका मंगल कार्यालयात झालं. विहिणीची पंगत बसली, पाट-रांगोळी सगळं झालं, आणि मागे स्पीकरवर शहनाई लागली. गावच्या बायका एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. माझी माय भाज्यांच्या टोपल्या ठेवलेल्या मागच्या खोलीत काहीतरी कामाचं निमित्त काढून बसली होती. सासूबाई बराच वेळ हात ताटाशी न नेता बसून राहिल्या. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे विहिणीला गाणी म्हणतात ना? मी ऐकायचं म्हणून थांबलेय. आमच्या आत्यानं मुद्दाम सांगितलं होतं."

माझ्या तोंडातून जे यायचं ते आलंच. "आईचा घसा बसलाय," मी म्हटलं.

"अरेरे," त्या म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.

ही गोष्ट कुणीतरी मागच्या खोलीत नेली. कारण नंतर माय बाहेर आली, तेव्हा ती कुजबुजत बोलत होती. सासूबाईंनी मुद्दाम जवळ जाऊन विचारलं, "कसा बसला हो घसा?" तर तिनं गळ्याला हात लावून खूण केली. उन्हं उतरल्यावर मला पाठवायची वेळ झाली. आमच्याकडे या वेळी बाया मोकळ्या गळ्यानं रडतात, चालीत, एकेक गोष्ट आठवून. माझ्या मायनं मला कवटाळलं आणि ती कुजबुजत रडली. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती बाई पोटच्या पोरीच्या पाठवणीला आवाज न काढता रडली. हे मला तेव्हा कळलं होतं. नंतर कळलं असं सांगायची सोय नाही.

त्यानंतर ती कुणाच्याच लग्नात गायली नाही. बोलावणी यायची. ती जायची, पोळ्या लाटायची, हळद कुटायची. पंगतीची वेळ झाली की म्हणायची, "आता घसा साथ देत नाही." चार-पाच वर्षांत बोलावणी थांबली. मग शहनाईची कॅसेट आली, मग डीजे आला.

मी पुण्यात एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. दरवर्षी पहिल्या सत्रात, अभ्यासक्रमात नसताना, एक तास मी इंग्लंडच्या लोकगीतांवर घेते. आता कॅसेट नाही, मोबाइल आहे. मुलांना सांगते, आपल्या बोलीची लाज वाटू देऊ नका, बघा हे लोक कसे आपल्या खोऱ्यातले शब्द जपून गातात. मुलं भारावतात. एकदा गडचिरोलीकडची एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतका निगरगट्टपणा माझ्यात कुठून आला, देव जाणे.

गेल्या उन्हाळ्यात मायला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, माणसं ओळखते, पण बोलायला गेली की एकच शब्द येतो, "हाव." हाव म्हणजे हो. पाणी पाहिजे, हाव. दुखतंय, हाव. नको, तेही हाव. मी रजा टाकून गावी गेले. तिनं डाव्या हातानं माझा गाल चाचपला, माझ्या केसातलं पांढरं बोटानं दाखवलं आणि हसली. माझी माय होती, पूर्ण होती, फक्त तिच्यातून शब्द बाहेर येत नव्हते. चिडायची. ताट ढकलून द्यायची. ज्या बाईनं अख्ख्या वराती शब्दांनी लोळवल्या, तिला मीठ कमी आहे हे सांगता येईना.

बुलढाण्याच्या दवाखान्यात वाचेचे व्यायाम घेणारी एक तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "आजी आधी काही गायच्या का? आरत्या, भजनं? कधीकधी बोलणं जातं, पण गाणं राहतं. गाण्यातून शब्द सुटले तर पुढे मदत होते."

भावानं मोबाइलवर आरत्या लावल्या. भजनं लावली. माय भिंतीकडे पाहत राहिली. एक दिवस वहिनी म्हणाली, "ताई, त्याईले इहिनीचं गानं येत होतं म्हने. मी तं या घरात आल्यापासून कधी ऐकलं नाही. तुमाले येते का?"

भाऊ माझ्याकडे पाहत होता. त्याला काय माहीत होतं आणि काय नाही, हे आम्ही कधी बोललो नाही.

पहिल्या दिवशी मी मायच्या खाटेशी बसून हळू आवाजात म्हणून पाहिलं. वर्गात कविता म्हणावी तसं निघालं. चाल सापडेना. मायनं डोळे मिटून घेतले. मी उठून मागच्या अंगणात गेले. तिथे कुणी नाही असं बघून जोरात म्हटलं. दोनदा, तीनदा. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून म्हणाली, "अजून वर घे आवाज. तुही माय वरून म्हने."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं मायला उशीला टेकवून बसवलं, समोर ताट ठेवलं आणि मी मागे उभी राहिले. जशी बायका उभ्या राहायच्या तशी. आवाज वर घेतला आणि चष्म्याचं कडवं सुरू केलं. पहिली ओळ माझी मीच म्हटली. दुसऱ्या ओळीला, "भात म्हनून" म्हटल्यावर, समोरून आवाज आला.

"...खाल्लं मीठ, आतातरी पाहा नीट."

वहिनीच्या हातातला घास तसाच राहिला. आवाज घोगरा होता, एका बाजूनं ओघळत होता, पण शब्द सगळे होते. भाऊ बाहेरून धावत आला. माय थांबलीच नाही. एकामागून एक कडवी, ज्यांची मला आठवणही नव्हती. जाड विहीण, बुटकी विहीण, पान खाणारी विहीण. डाव्या हातानं ती ताल धरत होती. भाऊ हसत होता आणि रडत होता. मीही रडत होते, आणि खरं सांगते, तीस वर्षांत इतका आनंद मला झाला नव्हता.

मग आवाज खाली आला. शेवटचं कडवं. माझं घरातलं नाव घेणारी आता मायच उरली होती. पुण्यात ते कुणाला ठाऊक नाही.

मायनं माझ्या चुलत बहिणीचं नाव घातलं.

मला वाटलं, असेल, पहिलीच वेळ आहे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीचं नाव आलं, जी सुरतेला दिली. तिसऱ्या दिवशी मामाच्या मुलीचं. मी बुलढाण्याला फोन केला. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, जे जिभेवर कायम होतं तेच येतं. जे त्या गाण्यात कधी म्हटलंच नाही, ते आता यायचं कठीण. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, त्या तुम्हाला ओळखतात ना?"

ओळखते. रोज माझा गाल चाचपते. म्हणून तर.

निघायच्या दिवशी मी तिच्यासमोर बसले आणि ते कडवं स्वतः म्हटलं, माझं नाव घालून. आमची अमकी लाखाची, आणि अमकीच्या जागी मी. मायनं लक्ष देऊन ऐकलं. तिचे ओठ हलले. त्या जागेशी येऊन थांबले. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा थांबली. तिच्या कपाळावर घाम आला. मग तिनं माझा हात धरला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "हाव. हाव. हाव." मी म्हटलं, "राहू दे माय, नोको त्रास घेऊ." आणि एसटी पकडली.

आता भावाचा रोज दुपारी फोन येतो. "ताई, आज मायनं कोनाचं लगन लावलं सांग?" मी ओळखते, बहुतेक चुकते. ज्यांची नावं येतात त्यांना मी शोधून फोन करते. बहुतेकींना नातवंडं झालीत. सुरतेची ऐकून म्हणाली, "मले ते कडवं म्हनून दाखव ना व." मी म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "मी तं नव्हती तुह्या लगनात. तुह्यासाठी तं माय दिवसभर गायली असन, नाही?"

"हाव," मी म्हटलं.

वहिनीनं कॅलेंडरच्या मागे नावांची यादी केली होती. रोज एक नवं नाव. काही मुली मला आठवेनात, काही आता या जगात नाहीत. भाऊ गमतीनं म्हणायचा, मायनं अर्धा तालुका उजवला. मी रोज दुपारी तास संपवून स्टाफरूममध्ये फोन समोर ठेवून बसायचे. अजून नावं येतायत तोवर आशा होती.

मागच्या आठवड्यात फोन आला तेव्हा भावानं विचारलं नाही, कोनाचं लगन ते. नुसतं म्हणाला, "ताई, आज पुन्हा चुलत बहिनीचं नाव घेतलं. नवी नावं सरली वाटते. आज पह्यल्यापासून सुरू केलं तिनं."

त्याच्या मागे मायचा आवाज येत होता, ती पुढच्या कडव्यावर गेली होती.

मग मी विचारलं, "जेवली का ती?"

"जेवली," तो म्हणाला.

"मंग म्हनू दे तिले," मी म्हटलं आणि तासाला गेले.